रक्ताला गंज लागत नाही: ब्लड कॅन्सर आणि अँटीऑक्सिडंटवाल्या त्या मेसेजबद्दल

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. आमच्याकडे तो मामीने टाकला, आणि माझ्या मामांना सीएमएल (ल्युकेमियाचा म्हणजे ब्लड कॅन्सरचा एक हळू वाढणारा प्रकार) आहे, म्हणजे तिने तो टाइमपास म्हणून नाही तर आशेने टाकला होता, म्हणून मला नीट बसून उत्तर लिहावंसं वाटलं. मेसेज थोडक्यात असा: ल्युकेमिया म्हणजे रक्ताला लागलेला गंज, ऑक्सिडेशन थांबवा की कॅन्सर थांबतो, त्यासाठी अँटीऑक्सिडंट (ऑक्सिडेशन रोखणारे पदार्थ), म्हणजे व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, एनएसी (एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन) यांच्या गोळ्या आणि गव्हांकुराचा रस घ्या, चालू औषधासोबत घेतलं तरी चालतं, नॅचरल आहे त्यामुळे अपाय शून्य, आणि हे दोन नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाने सांगितलंय पण कंपन्या दाबून ठेवतात.

मी बायोकेमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी काय घ्यायचं हे तुमचे हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टरच सांगतील. पण ऑक्सिडेशन पेशीत काय करतं हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलेय, तेवढं तरी सांगू शकते.

पहिला मुद्दा, "गंज". इथेच सगळी गडबड आहे. गंज म्हणजे लोखंड खाल्लं गेलं, ते काही परत येत नाही. ल्युकेमियाच्या पेशीत जे ऑक्सिडेशन महत्त्वाचं आहे ते असं नाहीच, ते एखाद्या बटणासारखं आहे. पेशीला "वाढ" असा निरोप द्यायचा असतो तेव्हा कायनेज नावाची प्रोटीन्स दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेटचा बिल्ला लावतात आणि फॉस्फटेज तो बिल्ला काढून टाकतात. लावणारा आणि काढणारा दोघं धड असले की निरोप वेळेवर बंद होतो. आता या काढणाऱ्यांपैकी टायरोसिन फॉस्फटेज नावाची जी मंडळी आहेत, त्यांचं सगळं काम एका सिस्टीनवर (प्रोटीनची साखळी ज्यांची बनते त्यातला एक घटक) चालतं, त्या सिस्टीनमधला एकच सल्फरचा अणू, आणि तो इतका हळवा असतो की हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू येऊन त्याला ऑक्सिजन चिकटवून गेला की फॉस्फटेज गप्प. ब्रेक निकामी. पण कायमचा नाही हां, पेशीतली थायोरेडॉक्सिन, ग्लुटाथायोन वगैरे यंत्रणा तो ऑक्सिजन काढून घेते आणि ब्रेक परत लागतो. निरोगी पेशीतही हे क्षणभर होतं आणि संपतं.

ल्युकेमियात काय होतं तर हे बटण दाबलेलंच राहतं. एएमएल या झपाट्याने वाढणाऱ्या ल्युकेमियाच्या साधारण एक चतुर्थांश पेशंटमध्ये एफएलटी-३ या कायनेजमध्ये आयटीडी नावाचा बिघाड सापडतो. हा बिघडलेला कायनेज एसटीएटी-५ या प्रोटीनला जागं करतो, त्यातून एनओएक्स-४ नावाचं एन्झाइम वाढतं, ते पेरॉक्साइड बनवतं, आणि ते पेरॉक्साइड जाऊन डीईपी-१ या फॉस्फटेजचा सल्फर ऑक्सिडाइझ करतं. आणि डीईपी-१ चं काम काय? एफएलटी-३ वरचाच बिल्ला काढणं! म्हणजे चोराने आधी वॉचमनलाच झोपवलं. सीएमएलमध्ये बीसीआर-एबीएल हा सतत चालूच राहणारा बिघडलेला कायनेजपण असंच पेरॉक्साइड वाढवतो. मी हे वर्गात पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मामांचा आजार निघाला नव्हता, आता शिकवताना मध्येच थांबावं लागतं.

आता यातून मेसेजवाल्यांसारखं कुणी म्हणेल, मग पेरॉक्साइड पुसून टाका ना, झालं. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे एनएसी पेरॉक्साइडशी फारच हळू रिअ‍ॅक्ट होतं. पेशीतलं स्वतःचं पेरॉक्साइड पुसणारं एन्झाइम, पेरॉक्सिरेडॉक्सिन, त्याच्यापेक्षा लाखो पटींनी वेगवान आहे, आणि ते असूनही ब्रेक निकामी होतोय, कारण पेरॉक्साइड तयार होतं ते नेमकं त्या फॉस्फटेजच्या शेजारी, तिथल्या तिथे. तोंडाने घेतलेली गोळी तिथे जाऊन काय पुसणार? दुसरी जास्त महत्त्वाची. पेरॉक्साइड हा इथे निरोप्या आहे, मालक नाही. मालक बीसीआर-एबीएल. इमॅटिनिबने, म्हणजे मामा घेतात त्या सीएमएलच्या गोळीने, त्याला बंद केलं की सीएमएलच्या पेशीतलं पेरॉक्साइड आपोआप खाली येतं. मेसेजमध्ये ज्या औषधाला "केमिकल" म्हणून हिणवलंय ते औषधच ऑक्सिडेशन कमी करतंय, आणि तेही बरोबर जागी.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सीएमएलच्या पेशीतलं हे जास्तीचं ऑक्सिडेशन डीएनएला इजा करतं, त्यातून नवी म्युटेशन्स होतात आणि औषधाला दाद न देणाऱ्या पेशी तयार होऊ शकतात, आणि प्रयोगशाळेत अँटीऑक्सिडंट दिल्यावर ही म्युटेशन्स कमी झालेलीही दिसलीयत. म्हणजे कल्पना वेडगळ नाही. पण तिथून "रोज दोन गोळ्या घ्या" इथपर्यंतचा रस्ता पेशंटवरच्या चाचण्यांतून जातो.

"औषधासोबत चालतं". नाही, असं सरसकट म्हणता येत नाही. 2008 साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या संशोधकांनी ल्युकेमिया-लिम्फोमाच्या पेशींना आधी व्हिटॅमिन सी दिलं आणि मग औषधं, त्यात डॉक्सोरुबिसिन होतं, व्हिंक्रिस्टिन होतं आणि इमॅटिनिबसुद्धा. सगळ्यांचाच मारा कमी पडला, कारण व्हिटॅमिन सी त्या कॅन्सरच्याच पेशींच्या मायटोकॉन्ड्रियाला (पेशीतल्या ऊर्जाघरांना) सांभाळत होतं. हे पेशींमधलं आणि उंदरांमधलं आहे, माणसांमधलं नाही, पण "काही होत नाही" म्हणणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

मागच्या महिन्यात मी मामांकडे गेले तेव्हा मामीला म्हटलं, मामी, सगळ्या गोळ्या दाखव बघू. तिने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात इमॅटिनिब 400 ची पाकिटं आणि शेजारी तीन नव्या बाटल्या, एकीवर अजून कुरियरची चिकटपट्टी. मी पाकिटं मोजली तर नऊ गोळ्या जास्त उरलेल्या. मामा म्हणाले, "अगं सकाळी तो रस प्यायला की पोट डबडबतं, मग जेवण जात नाही, आणि जेवणाशिवाय ही गोळी घेतली की मळमळतं, म्हणून एखाद दिवशी राहते." एखाद दिवशी नाही हो मामा, नऊ दिवस! बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट (रक्तात तो किती उरलाय हे मोजणारी तपासणी) 0.1 टक्क्याच्या खाली येणं आणि तिथे टिकणं हे बऱ्याच अंशी गोळी न चुकवण्यावर असतं. व्हिटॅमिनने काही केलं असेल-नसेल, पण त्या मेसेजने मामांच्या नऊ गोळ्या खाल्ल्या, आणि मला त्या दिवशी खरंच रडू आलं.

"ऑक्सिडेशन म्हणजे शत्रू". मग आपल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू मारतात कशा? एनएडीपीएच ऑक्सिडेझ नावाचं एन्झाइम वापरून ऑक्सिडंट तयार करूनच. ज्या मुलांमध्ये जन्मतः हे एन्झाइम बिघडलेलं असतं त्यांना परत परत गंभीर इन्फेक्शन्स होतात. आणि एपीएल हा ल्युकेमियाचा प्रकार बघा, एकेकाळी अत्यंत जीवघेणा, आज सर्वात बरा होणाऱ्यांपैकी एक. त्यात वापरतात ते आर्सेनिक ट्रायऑक्साइड या आजाराच्या मुळाशी असलेल्या बिघडलेल्या पीएमएल-आरएआरए प्रोटीनच्या सिस्टीनला जाऊन चिकटतं, ऑक्सिडेशनचाही त्याला हातभार लागतो, आणि ते प्रोटीन मोडीत निघतं. 2013 च्या युरोपातल्या ट्रायलमध्ये केमोशिवाय आर्सेनिक आणि एटीआरए (व्हिटॅमिन एच्या जातीचं औषध) दिलेल्यांपैकी 97 टक्के पेशंट दोन वर्षांनी आजार न उलटता जिवंत होते, आणि आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने तर त्याआधीच नुसत्या आर्सेनिकवर पेशंट बरे करून दाखवले होते. (कुणी सोमलाचा काढा शोधायला जाऊ नका, हे इंजेक्शन ईसीजी बघत बघत देतात.)

नोबेलवाले म्हणजे लायनस पॉलिंग. 1954 चं केमिस्ट्रीचं आणि 1962 चं शांततेचं, दोन्ही खरी. पण व्हिटॅमिन सीसाठी एकही नाही, आणि अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ते रोज 10 ग्रॅम तोंडाने देऊन केलेल्या चाचण्या, 1979 आणि 1985 च्या, दोन्हीत कॅन्सरच्या पेशंटना फायदा दिसला नाही. दाबून काही ठेवलेलं नाही, छापलेलं आहे.

यावर ग्रुपमधल्या एका दादाने 2017 चं संशोधन पाठवलं, व्हिटॅमिन सी आणि टीईटी-२ चं. दादा, ते काम खरंच सुंदर आहे, पण ते तुझ्या बाजूने नाही. टीईटी-२ हे स्वतःच ऑक्सिडेशन करणारं एन्झाइम आहे, डीएनएवरच्या मिथाइल खुणा ते ऑक्सिडाइझ करतं, आणि व्हिटॅमिन सी त्यातलं लोह कामाच्या स्थितीत ठेवून त्याला मदत करतं. म्हणजे इथे व्हिटॅमिन सी ऑक्सिडेशन घडवून आणायला हातभार लावतंय!

आणि "नॅचरल". ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे अँटीऑक्सिडंट मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरच्या बोर्टेझोमिब या औषधाला थेट जाऊन चिकटतं आणि त्याचा परिणाम घालवतं, हे प्रयोगशाळेत दिसलंय. गव्हांकुराच्या रसाबद्दल माझी भीती वेगळी आहे, तो कच्चा असतो, मातीतून आलेला, आणि केमोत पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना असं कच्चं पोटात जाणं धोक्याचं.

मामीने विचारलं, मग आवळापण बंद का? जेवणातलं लिंबू, ताटातली चमचाभर आवळ्याची चटणी हे गोळीतल्या 1000 मिलिग्रॅमसारखं नाही, पांढऱ्या पेशी बऱ्या असतील तर त्याने घाबरायचं कारण नाही. इमॅटिनिबवर ग्रेपफ्रूट मात्र नको, औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, आणि आपलं पपनस त्याच्याच कुळातलं, त्यामुळे तेही विचारूनच. तिन्ही बाटल्यांचे लेबलसकट फोटो काढून तिने डॉक्टरांना पाठवलेत, आणि गोळी आता रात्रीच्या जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर.