काका, तुमचं घर ४४ पगारांत आलं होतं

रविवारी डोंबिवलीत चुलतबहिणीचा साखरपुडा होता. पंगतीत, पंधरा माणसांसमोर, काका म्हणाले, "चौतिसाचा झालास, अजून भाड्यानेच? तुम्हा पोरांच्या हातात पैसा टिकतच नाही. मी बत्तिसाव्या वर्षी स्वतःच्या घरात होतो." मग माझा फोन उचलून उलटसुलट करून पाहिला. "हा केवढ्याचा?" सगळे हसले. नवऱ्याकडची मंडळी, जी मला त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होती, तीही हसली. आईने डोळ्यांनी दटावलं म्हणून मी पानातल्या मसालेभाताकडे बघत गप्प राहिलो. तीन रात्री झोप नाही.

तर हिशेब ऐका, काका. १९८९ साली तुम्ही घर घेतलंत १ लाख १० हजारांना. हातात पगार यायचा अडीच हजार. म्हणजे ४४ पगार. वर सरकारी नोकरी म्हणून घरबांधणी अग्रिम, म्हणजे कमी व्याजाचं कर्ज. आज तुमच्याच बिल्डिंगमधला तेवढाच वन बीएचके ४५ लाखांना जातो आणि माझ्या हातात ३८ हजार पडतात. ११८ पगार! बँक ८० टक्के देणार, म्हणजे ९ लाख रोख आधी मी उभे करायचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. मग वीस वर्षं महिन्याला ३१ हजारांवर हप्ता. उरलेल्या सात हजारांत पास, किराणा, आईची औषधं. तो फोन १४ हजारांचा आहे, काका. तो विकून बाथरूमएवढी जागाही येणार नाही.

तुम्ही काटकसर केलीत, मान्य. काकूंनी एकेक साडी किती वर्षं नेसली ते मी पाहिलंय. पण तुम्ही किसान विकास पत्रात पैसे टाकलेत तेव्हा ते साडेपाच वर्षांत दुप्पट झाले. आता ११५ महिने लागतात. पीपीएफवर तुम्हाला १२ टक्के मिळायचे, मला ७.१. काटकसर तीच, फळ मात्र तुमच्याच वाट्याला.

आणि पेन्शन! मावसभाऊ तुमच्याच खात्यात लागला, पण १ नोव्हेंबर २००५ नंतर, म्हणून जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये तो त्याच पेन्शनसाठी संपावर गेला तेव्हा "फुकट खायची सवय लागलीय" असं कोण म्हणालं होतं? आणि स्वतःची पेन्शन वाढली की दर सहा महिन्यांनी महागाई भत्त्याची बातमी ग्रुपवर टाकणारे तुम्हीच ना?

बाबा तुमचे सख्खे भाऊ. तुमच्याइतकेच राबले, फक्त खासगी कारखान्यात. त्यांना महिन्याला दोन हजारही पेन्शन येत नाही. त्यांनी उधळपट्टी केली होती का? त्यांना ऐकवा बघू कधी.

मला तुमचं घर नको, पैसाही नको. "मला नशिबाने नाही, व्यवस्थेने हात दिला," एवढं एकदा चारचौघांत कबूल करा.

काल घरमालकाचा मेसेज आला. अकरा महिने पुढच्या महिन्यात संपतात, दीड हजार वाढवून द्या नाहीतर खोली रिकामी करा. पुन्हा दलाल, पुन्हा डिपॉझिट, पुन्हा टेम्पो. काकांचा दुसरा फ्लॅटही भाड्याने दिलेला आहे. माझ्याच वयाचा मुलगा राहतो तिथे, बायको आणि लहान बाळासकट. दर अकरा महिन्यांनी काका त्याचं भाडं दहा टक्क्यांनी वाढवतात.