पेन ड्राइव्हमधली मॅच कुणाची?

सेकंड शिफ्ट म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत ज्यांनी ती काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको, बघण्यासारखी प्रत्येक मॅच नेमकी याच आठ तासांत असते. आयपीएल साडेसातला, कबड्डी आठला, डे-नाईट वनडेची अख्खी दुसरी इनिंग. म्हणून मी रेकॉर्ड करतो. दोस्त हसतात, "हायलाइट्स बघ की मोबाईलवर." हायलाइट्स म्हणजे जेवणातलं नुसतं लोणचं. कबड्डीत दोन रिकाम्या रेडनंतर जी 'करो या मरो'ची तिसरी रेड येते, तिची मजा आधीच्या दोन पाहिल्याशिवाय कळत नाही.

अकराला सुटल्यावर घरी पोचेपर्यंत स्कोअर कळू न देणं ही खरी कसरत. नेट बंद, चहाच्या गाड्यावर थांबायचं नाही, गेटवर वॉचमन "बघितलं का आज..." म्हणाला की कानावर हात. एवढं करून विश्रामबागेजवळ फटाके वाजले की संपलं सगळं.

गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं की स्वस्तात मॅच रेकॉर्ड करायला काय घेऊ. प्रत्येकाला उलट विचारलं, मॅच उशिरा बघायची आहे, का ठेवायची आहे? तिघंही माझ्याकडं बघत राहिले. पण सगळे पैसे याच प्रश्नावर ठरतात. मला हे शहाणपण फुकट आलेलं नाही.

माझ्याकडं एका डीटीएच कंपनीचा एचडी बॉक्स होता. मागं यूएसबीला आपली हार्ड डिस्क लावायची, गाइडमधून मॅच निवडून लाल बटण दाबायचं. सोय झकास होती, नाही म्हणत नाही. एक टीबीची डिस्क लावली होती आणि तीनेक वर्षांत ती निम्म्याच्या वर भरली. त्यात ३० जुलै २०२२ ची दुपार होती, बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्समधल्या वेटलिफ्टिंगची. आपल्या सांगलीचा संकेत सरगर, ५५ किलो गट, एकूण २४८ किलो. एका किलोनं सोनं हुकलं आणि पठ्ठ्या गळ्यात हात अडकवून रौप्य घ्यायला उभा राहिला. ज्याच्या वडलांची पानटपरी आपल्याच गावात, त्याचं पदक डिस्कवर ठेवायचं नाही तर काय ठेवायचं? आणि त्यात २० सप्टेंबर २०२५ ची दिल्लीची मॅच होती. ऑस्ट्रेलियाच्या ४१२ धावा, आणि समोर आपल्या सांगलीची स्मृती मानधना. ५० चेंडूंत शतक, ६३ चेंडूंत १२५. हरलो ४३ धावांनी, पण ती इनिंग मी रात्री बारा ते दीड आवाज बारीक करून बघितली. बायको आतून म्हणाली, "अहो, झोपा आता, ती काय पळून जात नाही." गेली की पळून.

दिवाळीनंतर बॉक्स बंद पडला. कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटांत नवा बॉक्स लावून गेला. मी डिस्क जोडली तर स्क्रीनवर ओळ आली, फॉरमॅट करा. कॉल सेंटरला फोन केला. ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं." कॉम्प्युटरला लावून बघितली, पुतण्याला दिली, काही उपयोग नाही. बॉक्स मॅच जशीच्या तशी लिहीत नाही, कुलूप लावून लिहितो, आणि किल्ली त्या बॉक्सच्या पोटात. बॉक्स भंगारात गेला की डिस्क माझी, त्यातली मॅच कुणाचीच नाही. हे डिस्क लावतानाच सांगितलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

तर, नुसती उशिरा बघायची असेल तर असला बॉक्स चांगलाच आहे. आज रेकॉर्ड, उद्या बघितली, परवा पुसली. त्याच्यावर जीव लावू नका, एवढंच.

सगळ्यात स्वस्त म्हणाल तर डीडी फ्री डिश. छत्री, वायर, बॉक्स धरून मला साडेसतराशेला गच्चीवर बसवून मिळालं, महिन्याचं भाडं शून्य. यूएसबी असलेला साधा बॉक्स बघून घ्यायचा. चॅनल फुकट असल्यामुळं माझ्या बॉक्सवरच्या फायली उघड्याच असतात, लॅपटॉपवर व्हीएलसीत सरळ चालतात. तासाला साधारण दीड जीबी. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीचा असेल तर चार जीबीला फाइल तुटते आणि पुढचा तुकडा सुरू होतो, घाबरायचं कारण नाही.

यावर लोक विचारतात, डीडी स्पोर्ट्स तर आमच्या केबलवरही आहे, मग छत्री कशाला? इथं गंमत आहे. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र हक्क घेणाऱ्या कंपनीला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं. पण २०१७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, केबल आणि खासगी डीटीएचवर नाही. म्हणून त्याच चॅनलवर शेजारच्या केबलवर दुसरंच काहीतरी चालू असतं आणि आमच्या छत्रीवर भारताची मॅच. अर्थात आयपीएल आणि प्रो कबड्डीसाठी या छत्रीच्या भरवशावर बसू नका.

दोष आहेत. चॅनल पकडणारा ट्यूनर एकच, त्यामुळं रेकॉर्डिंग चालू असताना घरच्यांनी दुसरं चॅनल लावायचं नाही. आमच्यात यावरून झालेला तह मी इथं लिहीत नाही. एप्रिलच्या सुमाराला चॅनल इकडचे तिकडं होतात, परत सर्च केलं नाही तर टायमर भलतंच काहीतरी भरून ठेवतो. मी एकदा अडीच तासांचं कीर्तन भरलं होतं. चांगलं होतं, पण टी-ट्वेंटी नव्हती. पावसाचा जोर वाढला की सिग्नल जातो. आणि लाईट गेली की रेकॉर्डिंग मेलं, तेव्हा बॉक्स इन्व्हर्टरवर घ्या.

टीव्हीच्या दुकानात "यूएसबी रेकॉर्डिंग आहे" ऐकून जादा पैसे मोजू नका. असतं, पण टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरपुरतं. बॉक्सकडून एचडीएमआयनं आलेलं चित्र टीव्ही दाखवतो, लिहून ठेवत नाही. बॉक्सचं चित्र लॅपटॉपवर उतरवणारं एचडीएमआयचं कॅप्चर कार्ड घेतलं तर एचडीसीपी नावाचं कुलूप आडवं येतं आणि स्क्रीन काळी. ते कुलूप तोडणाऱ्या डब्या विकतात म्हणे, मी त्या वाटेला जात नाही. स्वतःपुरतं प्रक्षेपण रेकॉर्ड करायला कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमात मुभा आहे, कुलूप तोडणं हा वेगळा विषय.

अ‍ॅपचं म्हणाल तर पूर्ण मॅच असते, मान्य. पण उघडायला जावं तर वरच्या चित्रातच ट्रॉफी धरलेला कॅप्टन. आणि हक्क दुसऱ्याकडं गेले की जुनं सापडेलच असं नाही.

ठेवायचीच असेल तर माझं मत जुन्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांना. बॉक्सच्या मागं एव्ही आउट असतो, तिथून वायर काढून सहाशे रुपयांच्या यूएसबी कॅप्चर स्टिकमध्ये घालायची आणि ती लॅपटॉपला. ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात डीइंटरलेस चालू करायचं, नाहीतर पळणारा खेळाडू कंगव्यासारखा दिसतो. तासाला एक जीबीच्या आसपास जागा. चित्र एचडी नाही, ५७६ ओळींचं. क्रिकेटचा चेंडू लांबून जरा पुसट, कबड्डी आणि कुस्ती उत्तम. पण फाइल तुमची, बॉक्स बदला नाहीतर कंपनी बदला. फक्त नव्या काही बॉक्सांना एव्ही आउटच नसतो, घेण्याआधी मागची बाजू बघा.

आणि संपायची वेळ लावताना तासभर जास्तीची लावा. हे मी २२ एप्रिल १९९८ ला शिकलो. शारजात, ऑस्ट्रेलियाविरुद्धची मॅच. आण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात रात्रपाळीला, जाताना मला सांगून गेले, "बॅटिंग सुरू झाली की लाल बटण दाब." व्हीसीआरमध्ये ई-१८० कॅसेट, तीन तासांची. मी दाबलं. मग वाळूचं वादळ आलं, खेळ थांबला, कॅसेट फिरत राहिली आणि बघता बघता मी झोपलो. सकाळी आण्णा मोठ्या आशेनं बसले. सचिनच्या १४३ पैकी शंभराच्या आसपासपर्यंत सगळं ठीक, आणि मग एकदम मुंग्या. शेवटची सात-आठ षटकं नाहीत, वादळ मात्र मिनिटा-मिनिटाचं आहे. मला ओरडले नाहीत. कॅसेटचा मागचा टॅब तोडून टाकला, म्हणजे त्याच्यावर कुणी चुकूनसुद्धा दुसरं काही भरू नये.

मारुती चौकात मावशीकडं ठेवलेल्या आमच्या बाकीच्या कॅसेटी २०१९ च्या पुरात गेल्या. ही एकच घरी कपाटात होती म्हणून राहिली. तिच्या फितीवर आता पांढरी बुरशी आलीय आणि आमचा व्हीसीआर पाच मिनिटांत फीत गिळतो. कॅप्चर स्टिक तयार आहे, व्हीसीआरच्या पिना तिला बसतात. सांगली-मिरजेत व्हीसीआरचं हेड साफ करणारा आणि फितीची बुरशी काढणारा कुणी जुना मेकॅनिक अजून दुकान उघडत असेल तर कमेंटमध्ये सांगा. पुढच्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट आहे, तीननंतर कधीही येऊ शकतो.