वारंवार उन्हाळी लागते त्यात बाईची चूक नाही

‘बायकांनो, लघवीची जळजळ परत परत होते? ही अस्वच्छता आणि अंगातली उष्णता आहे. रोज वॉशने आतून धुवा. खायचा सोडा पाण्यातून घ्या. फारच झालं तर मागच्या वेळची गोळी दोन दिवस घ्या, तपासण्यांवर पैसे घालवू नका. पाळी गेल्यावर तर हे चालायचंच.’

हा मेसेज सध्या सांगली-मिरजेकडच्या बचत गटांच्या आणि माहेरवाशिणींच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. मी मिरजेत एका लॅबमध्ये युरीन कल्चरचं, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचं काम करते. असे उपाय करत घरी बसलेल्या बायका आमच्यापर्यंत येतात तेव्हा काहींना थंडी वाजून ताप आलेला असतो, कुशीत कळा मारत असतात, उलट्या चालू असतात. म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला असतो. म्हणून हा मेसेज वाक्यावाक्याने खोडायचा आहे.

पहिलं वाक्य सगळ्यात जास्त लागतं, कारण ते बाईवर ठपका ठेवतं. हा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या जंतूमुळे होतो आणि तो आपल्याच आतड्यात राहणारा आहे. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाची साधारण २० सेंटिमीटर. जंतूला मूत्राशय गाठायला बाईच्या शरीरात फार अंतर कापावं लागत नाही. जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. निम्म्या बायका काय अस्वच्छ असतात? ज्यांना वारंवार होतं आणि ज्यांना होत नाही अशा तरुण बायकांची तुलना झाली, तेव्हा पुसायची दिशा किंवा सुती कपडे यांत फरक निघाला नाही. फरक निघाला तो शरीरसंबंध किती वेळा येतो, शुक्राणूनाशक क्रीम वापरतात का, आईलाही हा त्रास होता का आणि पहिला संसर्ग पंधराव्या वर्षाच्या आत झाला होता का, यांत. पुढून मागे पुसावं, त्यात तोटा काहीच नाही. पण लग्न होऊन आलेल्या मुलीला जळजळ सुरू झाली की सासरी ‘नीट धूत जा’ असं ऐकवतात, ते थांबायला हवं. तिला आधीच कुणाला सांगायची लाज वाटत असते.

वॉशचं म्हणाल तर ते उलटंच काम करतं. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जंतू असतात. ते आम्लता राखतात आणि ई. कोलायला तिथे ठाण मांडू देत नाहीत. आतून साबण किंवा वॉश लावला की हेच मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे.

उष्णतेबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, तेही सांगते. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि जळजळते. ती जळजळ भरपूर पाणी प्यायल्यावर दिवसभरात जाते. संसर्गाची नुसत्या पाण्याने जाईल या भरवशावर राहू नये. सोड्याने जंतू मरत नाहीत. त्यातलं सोडियम बीपीच्या बाईला वाईट, आणि नायट्रोफ्युरँटॉइन ही या संसर्गावरची गोळी चालू असेल तर लघवी अल्कधर्मी झाल्यामुळे त्या गोळीचा जोर कमी होतो. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, त्यातलं पाणी उपयोगाचं आहे.

पाण्याचा उपयोग तर मोजून पाहिलेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४० बायका होत्या, सगळ्यांना वारंवार संसर्ग होणारा आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पाणी पिणाऱ्या. निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. पण तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागेत थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) जाणारी बाई पाणी पिणार कशी? आडोसा नाही, जायला जागा नाही, म्हणून ती सकाळपासून घोटभरच पिते आणि तुंबवून धरते. लाखांची औषधं फवारणाऱ्या बागेत बायकांसाठी एक पत्र्याचा संडास उभा राहायला काहीच हरकत नाही. हे मागायला बायकांनी अजिबात संकोचू नये.

आता मागच्या वेळची गोळी. आमच्याकडे नमुना प्लेटवर पसरून रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी ई. कोलायचे गुलाबी ठिपके दिसतात. मग त्याच जंतूंची दुसरी प्लेट लावून वर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ मोकळं कडं पडतं. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला अगदी खेटून जंतू वाढलेले मी नेहमी बघते. जुनी चिठ्ठी दाखवून बायका याच गोळ्या आणतात. दोन दिवसांत जळजळ उतरते, जंतू पुरते मरत नाहीत आणि त्यानंतर दिलेल्या नमुन्यात काही उगवतही नाही. म्हणून नमुना गोळीच्या पहिल्या डोसाआधी द्या. लॅबची निर्जंतुक डबी घ्या, धार मधूनच धरा. सिरपची धुतलेली बाटली नको. जत-आटपाडीहून पहाटेचा नमुना पिशवीत घालून एसटीने आणला तर वाटेत जंतू भरमसाट वाढतात. दोन तासांत पोचणार नसेल तर लॅबमध्ये येऊनच द्या.

तपासणीचे पैसे दर वेळी घालवायचे नाहीत, हे बरोबरच आहे. धडधाकट तरुण बाईला एकदाच त्रास झाला तर पुष्कळदा कल्चर लागत नाही. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर कल्चर हवंच. त्रास काही नाही आणि रिपोर्टात नुसते पस सेल्स (पू-पेशी) दिसतात, म्हणून पुन्हा गोळ्या सुरू करायच्या नाहीत. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे अपवाद. तिथे त्रास नसतानाही कल्चरमध्ये जंतू वाढले तर उपचार करतात. पस सेल्स सतत भरपूर आणि कल्चरमध्ये काहीच नाही, असं असेल तर डॉक्टर क्षयरोग आणि खड्याचाही विचार करतात.

वारंवार होणाऱ्यांना पुढचे पर्यायही आहेत. शरीरसंबंधानंतर अँटिबायोटिकचा एकच डोस, काही महिने त्याचा रोजचा लहान डोस किंवा मेथेनामाइन हे अँटिबायोटिक नसलेलं जंतुनाशक औषध. २०२२ च्या चाचणीत २४० बायकांमध्ये मेथेनामाइन रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं ठरलं. क्रॅनबेरीने पुन्हा होण्याचा धोका थोडा कमी होतो, पण झालेला संसर्ग तिने बरा होत नाही. डी-मॅनोज या साखरेची महागडी पुडी २०२४ च्या मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरली.

राहिलं शेवटचं वाक्य, ‘पाळी गेल्यावर चालायचंच’. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक कमी झालं की लॅक्टोबॅसिलस घटतात, म्हणून त्रास वाढतो, आणि यावर इलाज आहे. १९९३ च्या चाचणीत पाळी गेलेल्या ९३ बायका होत्या. योनीत इस्ट्रोजेन क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, न लावणाऱ्यांना ५.९ वेळा. आई, आत्या, सासूबाई सहन करत बसल्या असतील तर त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. साखर तपासून घ्या, अंग बाहेर येतं का, लघवी पूर्ण होते का ते सांगा आणि या क्रीमबद्दल स्वतःहून विचारा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते मात्र डॉक्टरांना आधी सांगा.