नाणं वाटीसारखं, पण नाव वाटीवरून नव्हे

बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या खोलगट सोन्याच्या नाण्याचा फोटो आणि खाली मजकूर, अशी पोस्ट दिसते : ‘बायझंटाईन लोक याला स्कायफेट म्हणत, कारण ग्रीकमध्ये स्कायफोस म्हणजे पेला. एकावर एक रचता यावीत म्हणून ही नाणी वाकवत.’ यातला फोटो तेवढा खरा.

आधी व्युत्पत्ती. ‘स्कायफेट’चं लॅटिन रूप ‘स्किफाटस’. हा शब्द सापडतो तो 11व्या-12व्या शतकांतल्या दक्षिण इटलीच्या दस्तऐवजांत. त्यात पेला दिसला 19व्या शतकातल्या अभ्यासकांना. घोळ कालक्रमाचा आहे : नाणी नियमित खोलगट होण्याआधीच हा शब्द रुळलेला होता. हिस्टामेनॉन हे बायझंटाईन सोन्याचं नाणं मूळचं सुमारे 20 मिमी व्यासाचं आणि सपाट. वजन तेच, साधारण 4.4 ग्रॅम, ठेवून ते 25 मिमीपर्यंत पसरलं, पातळ झालं, काठाची वर्तुळं ठळक झाली. खोलगटपणा सम्राट मायकेल चौथ्याच्या काळात (1034–41) तुरळक दिसतो. तो नियमित झाला सम्राट आयझॅक कोम्निनोसपासून (1057–59). म्हणून नाण्यांचे अभ्यासक फिलिप ग्रिअर्सन यांनी 1971 मध्ये अरबी ‘शफा’कडे, म्हणजे ओठ किंवा काठ या शब्दाकडे बोट दाखवलं. शेजारच्या सिसिलीत तेव्हा अरबी राज्य होतं, त्यामुळे हे पटण्याजोगं आहे.

बायझंटाईन लोक काय म्हणत? खोलगट नाण्याला ‘ट्राखी’ : खडबडीत, असमान. सम्राट अलेक्सिओस पहिल्याने 1092 मध्ये हिणकस नाणी मोडीत काढून ‘हायपरपायरॉन’ हे सोन्याचं नाणं पाडलं. अर्थ ‘आगीत अतिशुद्ध केलेलं’, कस मात्र 20.5 कॅरेट! त्याच्या एक तृतीयांश किमतीचं सोने-चांदी मिश्रणाचं नाणं ते ‘अस्प्रॉन ट्राखी’, म्हणजे पांढरं ट्राखी. चांदी-तांब्याच्या ट्राखी एका हायपरपायरॉनला 48. तिन्ही खोलगटच, त्यामुळे विक्रीच्या यादीत नुसतं ‘स्कायफेट’ लिहिलं असेल तर धातू विचारल्याशिवाय भाव करू नये.

राहिलं रचणं. मोठ्या रकमा मोहरबंद थैल्यांतून दिल्या जात. शिवाय त्याच काळात टेटार्टेरॉन हे सुमारे 4 ग्रॅमचं सोन्याचं नाणं लहान, जाड आणि सपाटच राहिलं. रचण्याची सोय हवी होती, तर तेही वाकवलं असतं. हिस्टामेनॉन आणि टेटार्टेरॉन यांतला फरक हाताला कळावा, हे कारण त्याहून सयुक्तिक. खोलगट नाण्यावर एका घावात पूर्ण ठसा उठत नसे. साचा कलवून दोन घाव घालत. मधली आकृती दुहेरी दिसते ती त्यामुळे, नाणं बनावट असल्यामुळे नव्हे.