लोकरी मावा दिसला? पंप उचलायच्या आधी पान उलटं करून बघा

पाऊस ओसरला, हवा ढगाळ राहायला लागली की उसाच्या प्रत्येक ग्रुपवर तोच फोटो फिरतो. पानामागं पांढरी लोकर, म्हणजे लोकरी मावा ही पानातला रस शोषणारी बारीक कीड, आणि खाली प्रश्न, "काय मारू?" पाच मिनिटांत वीस उत्तरं, त्यातली एकोणीस बाटल्यांची नावं. माझा विरोध त्या एकोणिसांना आहे. रसायनाचं सोवळं म्हणून नाही, हिशोबात बसत नाही म्हणून.

एका पानावर १,००० मावा आणि त्याला खाणाऱ्या डिफा या पतंगाच्या ४ अळ्या धरा. फवारा चांगला बसला, शंभरातले नव्वद मेले. मावा उरला १००, डिफा जवळजवळ शून्य. माव्याच्या मादीला नर लागत नाही, अंडीही घालत नाही, थेट पिल्लं देते. संख्या आठवड्याला दुप्पट धरली तरी चार आठवड्यांत १,६००, म्हणजे फवारणीच्या आधी होता त्याहून जास्त. तिकडं डिफाला पतंग व्हायला हवं, जोडी जमायला हवी, मग अंडी, अळी, कोष. यात तीन-चार आठवडे सहज जातात. शिवाय मावाच विरळ झाला तर अंडी घालायला पतंग त्या फडात थांबेल कशाला?

हे गणित जुनं आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी थंडावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचा वाटा वाढलेला दिसला. उंबेर्तो दाँकोना या प्राणिशास्त्रज्ञानं हे कोडं व्हितो व्होल्तेरा या गणितज्ञापुढं ठेवलं (नात्यानं पुढं दोघं सासरे-जावई). १९२६ साली व्होल्तेरानं दाखवलं की भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सरसकट मारत राहिलं, तर सरासरीनं भक्षक घटतो आणि भक्ष्य वाढतं. जाळ्याच्या जागी आपला फवारा ठेवा, बाकी सगळं तेच.

आपल्याकडं २००२ साली सांगली भागातून हा मावा पसरला, तेव्हा घबराट खरीच होती. पाच-सहा फुटांच्या पुढच्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरता येत नाही, शिरलात तरी औषध पानाच्या मागं पोचत नाही. शेवटी त्याला आवरायला डिफा, मायक्रोमस हा दुसरा मावाखाऊ कीटक आणि ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्सिया ही बारीक गांधीलमाशी उपयोगी पडली. यातला एकही कीटक फडातला मावा पुरता संपवत नाही. मावा संपला तर तो स्वतःच उपाशी मरेल. म्हणून फडात थोडा मावा राहणारच, त्यानं अस्वस्थ होऊ नका.

आता पान उलटं करा. मध्यशिरेलगत लोकरीखाली जाळी विणलेली दिसली तर काडीनं हळूच उचला. आत हिरवट करडी अळी असेल तर ती डिफा. दोन्ही टोकांना निमुळती, तुरुतुरु पळणारी फिकट तपकिरी अळी म्हणजे मायक्रोमस. फडात पाच-सहा ठिकाणी, बांधाकडची आणि आतली अशी दोन्हीकडची पानं बघा. हे सापडत असतील तर पंप घरीच राहू द्या.

काहीच सापडलं नाही तर शेजारच्या न फवारलेल्या फडातून अळ्या-कोष असलेली पानं आणा, वीतभर तुकडे करा आणि संध्याकाळी मावा असलेल्या पानांना टाचणीनं किंवा स्टेपलरनं लावा. हेक्टरी डिफाच्या १,००० अळ्या किंवा कोष, नाहीतर मायक्रोमसच्या २,५०० अळ्या, अशी शिफारस आहे. त्यानंतर कीटकनाशक मारायचं नाही. "मित्रकीटक सोडले, काही उपयोग झाला नाही" म्हणणाऱ्यांना आधी विचारा, आठ दिवसांत काय फवारलं होतं?

युरियाचा जास्तीचा हात आवरा, लुसलुशीत पानावर मावा जोरात वाढतो. आणि माव्याच्या फडातलं वाढं वैरणीला दुसऱ्या गावात नेऊ नका. गाडीबरोबर मावाही जातो आणि तिथं त्याला खाणारं कुणी असेलच असं नाही.

एक चूक मात्र वारंवार होते. डिफानं मावा फस्त केल्यावरही जाळीला चिकटलेली लोकर पानावर तशीच राहते. लांबून फड पांढराच दिसतो आणि माणूस घाबरून फवारतो. त्या पांढऱ्यावर बोट फिरवा. खाली ओलसर काही चिरडलं नाही, नुसता भुसा हाताला लागला, तर मावा आधीच संपलाय आणि जाळीत आता डिफाचे कोष आहेत.