वन बीएचकेतलं भूत

भुताला आधी जागा लागते. परदेशातल्या भुतांची या बाबतीत चैन असते. तळघर, उतरता माळा, करकरणारा लाकडी जिना, माणूस मावेल एवढं भिंतीतलं कपाट, आणि हे कमी पडलं तर मागे जंगल. डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत माळा आहे, पण त्यावर गणपतीचं मखर, बंद पडलेला कूलर आणि सासूबाईंच्या लग्नातलं पितळी पिंप आधीच राहायला आहेत. दिवाणात गाद्या. कपाट उघडलं तर भूत बाहेर पडायच्या आत इस्त्रीचे कपडे अंगावर येतात. आमच्याकडे दबा धरून बसायला झुरळालाही वाट बघावी लागते.

हे सगळं तपासण्याची वेळ आली चिरंजीवांमुळे. मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला भयपटाचा टीझर करायचा असतो. भयपट नाही. तो कधीच निघणार नाही, फक्त त्याचा 45 सेकंदांचा टीझर. मी सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. जी इमारत उभी राहायची नाही तिची चकचकीत जाहिरात मी पुष्कळ पाहिली आहे, त्यामुळे कल्पना मला पहिल्या फटक्यात समजली. त्यातही गुण म्हणे टीझरपेक्षा त्याच्या फायलीला जास्त. संशोधन, प्रेक्षकांची पाहणी, एकेक दृश्य चितारलेला स्टोरीबोर्ड, शॉट लिस्ट, जोखमीचा तक्ता. हे वाचल्यावर पोरांच्या कॉलेजबद्दल मला प्रथमच आदर वाटला.

संशोधन आमच्या हॉलमध्ये सुरू झालं. पाच पोरं, एक लॅपटॉप, पोह्यांची परात. हिचकॉकच्या 1960 सालच्या ‘सायको’चा ट्रेलर लागला. तो सहा मिनिटांहून मोठा आहे आणि त्यात हिचकॉकसाहेब स्वतः सेटवर हिंडून ही खोली, हा जिना, हे न्हाणीघर असं निवांत दाखवतात. सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. म्हणाल्या, “एजंट बरा दिसतोय. ब्रोकरेज किती घेतो?”

मग ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’. दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात, जेमतेम 15 हजार डॉलरमध्ये काढलेला. त्याच्या 2009 सालच्या ट्रेलरमध्ये भुतापेक्षा थिएटरात किंचाळणारे प्रेक्षकच जास्त दिसतात. हे ऐकल्यावर पाचही जणांनी एकदम माझ्या बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. मी दार लावून घेतलं. पुढे हिंदी भयपटवाले रामसे बंधू निघाले. सात भाऊ, कुणी लिहायचं, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी आवाज, कुणी संकलन, आणि घरच्या घरात सिनेमा तयार. आमच्या गटातही असंच कामाचं वाटप ठरलं. पाचांपैकी चौघांनी दिग्दर्शन मागितलं. पाचवा काही बोलला नाही, कारण कॅमेरा त्याचा होता. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि एका चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या मुलीचा नंबर लागला. निवड चांगली झाली हे माझं मत तेव्हाही होतं.

अभ्यासात मीही थोडी शिकले. भयपटात सगळे मेल्यावर जी एक मुलगी उरते तिला ‘फायनल गर्ल’ म्हणतात. त्या संध्याकाळी सगळे उठून गेल्यावर परात, सोळा कपबशा आणि मी अशा उरलो, तेव्हा ही कल्पना मला अधिकच पटली. आणि 1942 साली ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री एकटी चालत असते, मागे कुणीतरी आहे असं वाटतं, श्वास रोखला जातो आणि एकदम ब्रेकचा फुत्कार टाकत समोर बस येऊन थांबते. प्रेक्षक खुर्चीतून उडायचे. सासूबाईंना यात काही विशेष दिसलं नाही. “गुहागरच्या फाट्यावर एसटी आली की आम्ही पण उडायचो,” म्हणाल्या, “जागा धरायला.”

प्रेक्षक-पाहणीचा फॉर्म सोसायटीच्या ग्रुपवर गेला. ‘तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची?’ पर्याय होते अंधार, बाहुल्या, विदूषक, आत्मे, इतर. आत्म्यांना मोजकी मतं पडली, तीही तळमजल्यावरून. बाकी सगळी इमारत ‘इतर’मध्ये लोटली होती. पाणी न येणं. लिफ्ट. चुकून सांगितलेला ओटीपी. न कळवता येणारे सासरचे. रिडेव्हलपमेंट रखडणं, हे तर चार मजल्यांनी एकमुखाने लिहिलं होतं. दिग्दर्शिका तो तक्ता बराच वेळ बघत बसली. कॅमेरावाला म्हणाला, “मग बिल्डरलाच भूत करू.” चिरंजीवांनी तो मुद्दा खोडला, कारण आमची वाटाघाट अजून चालू आहे.

खरी दमछाक झाली ती शांततेपायी. टीझरच्या मध्यावर आठ सेकंदांची भयाण शांतता हवी, असं स्टोरीबोर्डात लाल पेनाने लिहिलेलं. आता डोंबिवलीत, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, आठ सेकंद शांतता आणायची कुठून? पोरांनी वही घेऊन इमारतीतले आवाज वेळेनुसार टिपले. पहाटे पंप. मग दूधवाला, पेपरवाला, पहिला कुकर. नऊपर्यंत सगळ्या मजल्यांचे कुकर आळीपाळीने. दुपारी भंगारवाल्याचा भोंगा. संध्याकाळी एकच मालिका सात घरांतून, प्रत्येक घरी दोन सेकंद मागेपुढे. रात्री शेवटची लोकल गेली की संपलं म्हणावं तर मग मेल गाड्या आणि मालगाड्या, आणि त्यांच्यावर भुंकणारी कुत्री. पहाटे पावणेचारच्या सुमाराला मात्र वहीत एक कोरी जागा निघाली. तिच्याभोवती पोरांनी चौकोन केला.

त्यात आमच्या पंख्याची घरघर. पण पंख्याचा विषय निघाला तसा कॅमेरावाल्याने एक भारी किस्सा शोधून आणला. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला एका प्रयोगशाळेत विक टँडी नावाच्या इंजिनिअरला डोळ्यांच्या कडेला राखाडी आकृती दिसली, अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरायला लागलं, म्हणून त्याने शोध घेतला, तर नवीन बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत 19 हर्ट्झच्या आसपासची, कानाला ऐकू न येणारी कंपनं निघाली. पंख्याची बसवणी बदलली, भूत गेलं. 1998 साली यावर त्याचा शोधनिबंधही आला. ही गोष्ट ऐकून आमच्या ह्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “आपला सगळाच ऐकू येतो, म्हणून आपल्याकडे भूत नाही.” कंडेन्सर बदलायचा विषय अशा रीतीने पुन्हा पुढे गेला.

अंधाराचीही तीच रड. रस्त्यावरचा दिवा थेट आमच्या हॉलमध्ये पडतो. भर दुपारी शूट करून, चित्र काळवंडून आणि निळसर करून रात्र भासवता येते. फक्त आकाश दिसू द्यायचं नाही. आकाश आमच्या खिडकीतून तसंही दिसत नाही. निदान एका बाबतीत जागा योग्य निघाली.

परवानगीसाठी कमिटीची सभा भरली. भुताच्या असण्यानसण्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. चर्चा फ्लॅटच्या भावावर झाली. भूत आहे असं पसरलं तर गिऱ्हाईक येणार नाही, हा एक पक्ष. जिन्यातली ओल दिसली तर पालिका सी-वनची, म्हणजे अतिधोकादायक इमारतीची, नोटीस लावून इमारत रिकामी करायला सांगेल, हा दुसरा. बऱ्याच वादानंतर ठराव झाला: इमारतीचं नाव, पाण्याची टाकी आणि ओल दिसता कामा नये. पोरांनी तर ती ओल बघूनच हा जिना निवडला होता. तिला स्टोरीबोर्डात स्वतंत्र क्लोजअप होता.

राहता राहिलं भूत. रक्तासाठी गुळाचा पाक आणि बीट असा प्रयोग माझ्या कढईत झाला. रंग छान आला, पण ‘जखमेला’ मुंग्या लागल्या आणि रक्त रद्द झालं. वेशभूषेत लिहिलं होतं, ‘पांढरी साडी, मोकळे केस’. पांढरी साडी घरात एकच, सासूबाईंची, आणि त्या म्हणाल्या, मी जिवंत आहे तोवर नाही.

मी तेव्हा कणीक मळत होते. न राहवून म्हटलं, अरे, या बिल्डिंगमधली बाई मेली तर ती पांढरी साडी नेसून कशाला येईल? ती गाऊनवर येईल. खांद्यावर ओढणी, केसांना क्लचर, हातात दुधाचं पातेलं. पहाटे समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं होईल, हात बाहेर येईल, दुधाची पिशवी आत जाईल. आणि ते दार दोन वर्षांपासून कुलूपबंद आहे.

कुणी बोलेना. दिग्दर्शिका एवढंच म्हणाली, “काकू, हे घाण आहे,” आणि स्टोरीबोर्डाची पानं टराटरा फाडली. ही स्तुती असते असं मला नंतर कळलं.

भुताचं काम करणारी मुलगी मात्र गटातून गेली. पांढऱ्या साडीत ती इन्स्टावर दिसायला तयार होती, गाऊनमध्ये मुळीच नाही. उरलेल्या चौघांनी पुन्हा एकदम एकाच दिशेला पाहिलं. या वेळी बेडरूमकडे नाही. कलाकाराचं संमतिपत्र मी सवयीप्रमाणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मानधनाच्या रकान्यात ‘क्रेडिट’ असं लिहिलेलं पाहिलं, तिथे ‘आणि भांडी’ असं जोडून घेतलं आणि मगच सही केली.

काल रात्री कॉलशीट आली. स्थळ: दुसरा मजला. पात्र: भूत. हजेरी: पहाटे 3.15. कपडे: स्वतःचे. केस: आहेत तसेच. आणि तळाशी, जाड अक्षरात, युनिटचा नाश्ता: पोहे. जबाबदारी: भूत.