खारफुटीची किंमत शून्य? आधी हे वाचा

‘खारफुटी म्हणजे चिखल आणि डास. कोट्यवधींची जमीन अडवून बसलेल्या झुडपांची किंमत शून्य. आणि एक तोडलं तर दहा लावतातच!’ हा मेसेज परवा मावशीने पाठवला, खाली ‘खरंय ना?’ विचारून. नाही मावशी, खरं नाही.

शून्य किंमत म्हणणाऱ्यांनी ओडिशाचा अभ्यास बघावा. १९९९ च्या महाचक्रीवादळात कुठल्या गावात किती माणसं दगावली, याची शेकडो गावांची आकडेवारी सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी तपासली (२००९). समुद्राच्या बाजूला खारफुटीचा रुंद पट्टा होता त्या गावांत मृत्यू लक्षणीय कमी. सरकारने आधी दिलेल्या इशाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचवले, हेही त्यांनीच लिहिलंय, ते मान्य. पण बाकी एकही फायदा न धरता, नुसत्या वादळापासूनच्या संरक्षणावर उरलेली खारफुटी राखणं परवडतं, हा त्यांचा निष्कर्ष. कोळंबी, चिंबोरी, जिताडा यांची पिल्लं तिथेच वाढतात, तो हिशोब वेगळाच.

डास तुंबलेल्या पाण्यात होतात. भरती-ओहोटी रोज खेळते तिथे अळ्या वाहून जातात, उरलेल्या मासे खातात. पाणी तुंबवतो तो आपला भराव.

सगळ्यात घातक थाप ‘दहा लावतात’ ही. रोपं बहुतेकदा मोकळ्या चिखलपट्टीत टोचतात, कारण ती जागा कुणाला नको असते. तिथे ती फार वेळ पाण्याखाली राहतात, खोडावर शंखशिंपले चढतात, लाटेने उपटतात. तिवराला, म्हणजे खारफुटीच्या झाडाला, जागा लागते मधली: उधाणाचं पाणी पोचेल, पण ओहोटीला उतरेलही. म्हणून आधी पाणी अडवणारा बांध फोडायचा, भरतीचं पाणी आत-बाहेर नेणारी बुजलेली नाळ मोकळी करायची. शेजारी झाडं असतील तर बी भरतीबरोबर आपोआप येतं. रोपं लावायची ती बी येत नसेल तिथेच.

तोडणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. कोयता लागतच नाही. खाडीच्या तोंडावर डेब्रिजचे डंपर रिकामे करायचे. आत पाणी साचतं, चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वासमुळं बुडून राहतात, झाड गुदमरतं. मग ‘इथे खारफुटी नाहीच’ म्हणून अर्ज. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली खारफुटी तोडायला राज्यभर मनाई केली, भोवती ५० मीटरपर्यंत बांधकामालाही. जमीन खासगी असली तरी. असा भराव दिसला तर फोटो काढून त्याच दिवशी तहसीलदार आणि वनविभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाकडे तक्रार करा. मुळं बुडालेली असताना एकेक आठवडा महत्त्वाचा असतो.